पुसलेलं नाव

कीबोर्ड पहिल्यांदा माझ्या कानावर बसला. दुसऱ्यांदा तोंडावर. ओठ फाटला, दोन बटणं निखळून फरशीवर पडली. सायबर कॅफेत सात-आठ पोरं खेळत बसली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. एकही उठला नाही.

मारणारे आप्पा. कॅफेचे मालक, रत्नागिरीत मांडवीला घर, वर आंब्याच्या बागा. मी त्यांचा नोकर, बौद्धवाडीतला. दोन हजार चार साल होतं.

"चोरटी जात मेली!" आप्पा ओरडले. "माझ्या दारात नोटीस आणलीन् ह्यानं!"

नोटीस त्यांनी स्वतःच ओढवून घेतली होती. तेव्हा जगभरातली आम्ही काही पोरं मिळून एका ऑनलाइन खेळाचा सर्व्हर, म्हणजे तो खेळ चालवणारा प्रोग्राम, लिहीत होतो. फुकट, सगळ्यांसाठी. खेळ काढणाऱ्या कंपनीचा सर्व्हर परदेशात, रत्नागिरीच्या लाइनवर तो धड चालायचाच नाही. खेळ आणि सर्व्हर एकमेकांना काय निरोप धाडतात ते बघून आम्ही आमचा सर्व्हर ओळ न् ओळ स्वतः लिहिला. कंपनीचं काही उचललं नाही. अट एकच. वापरा, बदला, वाटा, पण वर लिहिणाऱ्यांची नावं आहेत ती पुसू नका. बाकीच्यांनी टोपणनावं घातली. मी खुळा, आडनावासकट पूर्ण नाव घातलं. आमच्या घरातल्या कुणाचं नाव तोवर मतदारयादी सोडून कुठेही आलं नव्हतं.

मी तो सर्व्हर कॅफेत लावला, तेव्हा आप्पांनी ती सगळी नावं पुसली आणि स्वतःचं एकट्याचं घातलं. पाहुणे आले की मी खुर्चीतून उठायचं. आप्पा तिथे बसून सांगायचे, "हा सर्व्हर मीच लिहिला." मी मागे उभा. आतून जळायचो, तरी गप्प राहायचो. त्या गप्प राहण्याची मला आजही चीड येते.

मग कंपनीची नोटीस आली, ती अर्थातच त्यांच्या नावाने. आता त्यांना माझी आठवण झाली. त्यांचे मेव्हणे वकील, ते कागद तयार करूनच आले. 'हा सर्व्हर मी कंपनीकडून चोरला आणि मालकांच्या नकळत इथे चालवला.' खाली माझं नाव टाइप केलेलं.

"लिहिला मीच," मी म्हटलं. "पण चोरला नाय. सही करणार नाय."

त्यावर तो कीबोर्ड बसला.

"तू लिहिलास?" वकील हसले. "तुमच्या वाडीत लिहितात होय असलं? आप्पा, अंगठा घ्या ह्याचा."

शाईचा पॅड सोबतच आणला होता. वकिलांनी माझा एक हात मागे पिरगाळला. आप्पांनी दुसऱ्या हाताचा अंगठा धरून शाईत दाबला. माझ्या बापाने जन्मभर न वाचता अंगठे दिले. माझा कागदापासून वीतभर राहिला आणि डोकं फिरलं. मी आप्पांच्या मनगटाला चावलो. दात रुतेपर्यंत. ते किंचाळले. मी हात सोडवून कागद ओढून फाडला, टेबल लाथेने उलथं केलं. मॉनिटर फुटला. वकील अंगावर धावले, त्यांच्या छातीत डोकं हाणलं. पोरं दाराकडे पळाली.

आप्पा भिंतीला टेकून मनगट धरून बसले होते. घाबरले होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सोबत लिहिणाऱ्या पोरांना इंटरनेटवर सगळं कळवलं. त्यांनी काळजीनेच सांगितलं, नाव काढून टाक, गप्प बस, कंपनी तुला चिरडेल. मी ऐकलं नाही. कंपनीला उत्तर मीच लिहिलं. यातलं अमुक माझं, हे त्याचे पुरावे, यात तुमची एक ओळ नाही. नावं पुसून आमची अट कुणी मोडली, तेही लिहिलं. खाली पूर्ण नाव आणि पत्ता, बौद्धवाडीसकट.

भरा खटला. पिंजऱ्यात उभं करा, हरवा. शिक्षा द्यायची तर लिहिल्याची द्या, मी ती भोगीन. पण चोर म्हणून कुणी परत माझा अंगठा धरला, तर मी त्याचा हात जागेवर ठेवणार नाही.