कंपनीचा स्पीकर आणि पळसदेवची सोयरीक

आमच्या घराण्यात माझा आवाज आजवर कुणाला ऐकू आलेला नाही.

यात माझा काही दोष नाही. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. माळाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून मारून घराण्याचा गळाच तसा तयार झालेला. पुढं कालवा आला, मेंढरं गेली, ऊस आला. आवाज मात्र जागेवरच राहिला. तात्यांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) जेवताना मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन हजर व्हायची! आत्या नरसिंहपूरला दिलेली. "वन्सं तिकडनं बोलल्या तरी हितं बारामतीकडं कळतंय, उगं एष्टीला कशाला पैसं घालत्यात," असं आई म्हणायची. (आत्या नरसिंहपुरात असतानाच म्हणायची.) अशा घरात मी जन्मलो आणि मी काहीही बोललो की समोरचा "आं?" म्हणू लागला.

नव्वदच्या दशकात माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा हे नडलं. पहिल्या ठिकाणी मुलीच्या वडिलांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. मग ते तात्यांकडं वळून काळजीनं म्हणाले, "पोराला बोलता येतंय न्हवं?" दुसऱ्या ठिकाणाहून तर निरोपच आला, "स्थळ झ्याक हाय, पर पोरगा मुका हाय ते आदी सांगाय पायजे हुतं."

तिसरं स्थळ पळसदेवचं, उजनी धरणाच्या पाण्याकाठचं. मुलीचं नाव सुनंदा. तिचा फोटो मी एकदा बघितला, मग आई स्वयंपाकघरात गेल्यावर परत बघितला, आणि इथून नकार आला तर आपलं काही खरं नाही हे मला कळून चुकलं. आत्यानंही दम भरला होता.

"दत्ता, हे श्येवटचं. हितं न्हाय जमलं तर मी तुझ्यासाटी कुणाच्या दारात पाय टाकायची न्हाय!"

मी रात्रंदिवस विचार केला. आपल्याला आवाज नाही, पण गाडीला तर आणता येईल! गाडी झोकात वाजत-गाजत दारात गेली, की माझ्या बोलण्याकडं लक्ष कुणाचं जाणार?

गाडी आमची जुनी, जीपच्या जातीची. कागदोपत्री आठ माणसांची, पण लग्नसराईत चौदा जण बसायचे आणि दोघं लोंबकळायचे. पुढच्या दोन दारांत कंपनीचे दोन स्पीकर होते. त्यातलं गाणं ऐकायचं तर दाराला कान लावावा लागे आणि खड्डा आला की दारच कानाला लागे. टपावर मात्र भला थोरला कर्णा होता. तात्या एकदा दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले होते, तेव्हा प्रचारासाठी बसवलेला. तात्या पडले, कर्णा राहिला. तो काढला की बोल्टच्या भोकांतून गाडीत पाणी गळायचं, म्हणून नुसता बूच म्हणून ठेवलेला. त्याचा अॅम्प्लिफायरही सीटखाली तसाच पडून होता.

मी बारामतीला जाऊन दोन नवे स्पीकर आणले. ताटाएवढे! दुकानदार म्हणाला, "गाडीला मोठं पडत्याल." मी म्हणालो, "पडू द्या." तो म्हणाला, "आं?"

रेडिओ दुरुस्तीचा पोस्टानं येणारा कोर्स मी निम्मा केला होता. (निम्म्यात रेडिओ उघडायला शिकवतात.) त्या बळावर मी अंगणात गाडी लावली आणि हॅक्सॉच्या पात्यानं दाराचं आतलं अस्तर कापायला बसलो. तात्या खाट टाकून समोरच बसले.

"दत्ता, ते दार गाडीचं हाय. कलिंगड न्हवं."

"तात्या, होल मोठं करावं लागतं."

"आं? माझा बा हाक मारायचा तर माळापल्याड मेंढरू उभं ऱ्हायाचं. त्याला कुटं व्हता स्पीकर?"

स्पीकर बसले. फक्त त्यांची मागची लोहचुंबकं एवढी जाडजूड, की दारांच्या काचा आता खाली येईनात. आणि आतला खटका कुठंतरी दबल्यामुळं पुढची दोन्ही दारं आतून उघडेनात. बाहेरून कुणी उघडली तरच उघडत. मागच्या काचा कंपनीनंच बंद दिलेल्या. तात्यांनी आत बसून दार ढकलून बघितलं, परत ढकलून बघितलं, आणि काचेआडून गर्जना केली, "पोरानं मला कोंडला!" मी बाहेरून दार उघडून म्हणालो, "मोठ्या माणसांचं दार दुसऱ्यानंच उघडायचं असतं." हे त्यांना पटलं. तेवढं एकच पटलं.

मी जुने स्पीकर उकिरड्याकडं घेऊन निघालो तशी आई आडवी आली.

"टाकू नगंस! कंपनीचं हाय. गाडी इकताना गिऱ्हाईक इचारतंय, कंपनीचं काय काय हाय म्हणून."

आमच्याकडं कंपनीची वस्तू टाकणं म्हणजे पाप. घरातल्या शिलाई मशीनला, मोटरपंपाला, टीव्हीला अजून कंपनीचं प्लास्टिक होतं. तेव्हा दोहोंपैकी एक स्पीकर (दुसरा तात्यांच्या पायाखाली आला होता) मी गाडीच्या छताला, बरोबर सगळ्यांच्या डोक्यावर मधोमध, टांगून दिला. नुसता टांगून बरा दिसेना, म्हणून जोडूनही टाकला. गाडीतल्या टेपला ताकद नव्हती, तेव्हा मी तो निवडणुकीचा अॅम्प्लिफायर वापरायला काढला होता. त्याला पुढच्या बाजूला एक भोक रिकामं होतं. भोक होतं, वायर होती, घातली! स्पीकर काही वाजला नाही. मेला असेल बिचारा, म्हणून मी सोडून दिलं. आणि कर्णा वाजू नये म्हणून टपाकडं जाणारी त्याची वायर आठवणीनं कापली.

रविवारी आम्ही निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी तात्या, मागं आई आणि आत्या. टेप लावला आणि गाडी थरारली. आत्यानं कानावर पदर घट्ट ओढला. रस्त्यानं माणसं वळून वळून बघत होती, सायकलवाले खाली उतरत होते, भवानीनगरात तर चहावाला किटली धरून रस्त्यात आला. नव्या स्पीकरचा आवाज काचा बंद असूनही बाहेर जातोय हे बघून माझा ऊर भरून आला. मधूनच 'कुईऽऽ' अशी शीळ यायची. मी म्हटलं, फॅनबेल्ट. त्यात साखर कारखान्याची काजळी समोरच्या काचेवर बसली. तात्यांनी वायपरचं बटण दाबलं. वायपर हललाच नाही.

"आता ह्याला काय केलंस?"

"त्याला मी हातपण लावला नाही, तात्या."

"आं?"

पळसदेवला मुलीच्या दारात पोचलो तेव्हा मी टेप आणि नव्या स्पीकरचं बटण बंद केलं. इंजिन मात्र चालूच ठेवलं, कारण बॅटरी उतरली होती. एकदा गाडी बंद पडली की धक्का मारावा लागणार, आणि होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच दिवशी धक्का मारायला लावणं बरं दिसलं नसतं. इंजिनाच्या धडधडीत आम्ही बंद काचांच्या आड बसून शेवटची उजळणी केली. आमच्याकडं धडधडीवर बोलायचं म्हणजे मेंढरामागं हाक मारल्यासारखंच बोलायचं.

"हे बगा," आई म्हणाली, "दत्ता बी.कॉम.ला दोनदा बसला ते कुणी बोलायचं न्हाय."

"आन् दोन जागी नकार आला ते बी न्हाय!" आत्या म्हणाली. "आगं बया, ह्येंच्या घराच्या दाराला रंग बगा की! म्हशीनं बगितला तर आटल!"

"गाडी नवीच घेतली म्हणायचं," तात्या म्हणाले. "आन् मला पव्ह्यावर कटवू नका. पळसदेवला आलोय, मासळी खाल्ल्याबिगर मी उटणार न्हाय!"

मी मागच्या दारानं उतरलो आणि एकेकाला बाहेर काढलं. मुलीचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, हात जोडून उभे होते. शेजारपाजारची वीसेक माणसंही उभी होती. सगळ्यांचे चेहरे विलक्षण आनंदी होते. पळसदेवची माणसं फार मायाळू, असं मला वाटलं.

बैठकीत पोहे आले. आबा म्हणाले, "तात्या, पोटात जागा ठिवा. मासळी टाकलीया."

तात्या गहिवरले. मग आबा आत्याकडं वळले. "आक्का, दाराचा रंग थोरल्या लेकाच्या आवडीचा. म्हशी मागल्या दारानं नेतो आमी."

आत्याचा घास तोंडातच राहिला. आबांनी आता माझ्याकडं बघितलं.

"दत्ताराव, दोनदा बसला म्हणजे कुटल्या विषयात अडकला हुता?"

"अकाउंट," मी म्हणालो.

"आं?"

पोह्यांच्या बशा घेऊन आलेली सुनंदा खाली मान घालून उभी होती. पण तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की काय असं मला वाटलं. आई, आत्या आणि तात्यांनी एकमेकांकडं बघितलं. स्थळ आणणारा मध्यस्थ फुटला, दुसरं काय! तात्या उठले.

"पाव्हणं, आमी जरा घरातल्या घरात बोलून येतो."

"बोला की, हितंच बोला," आबा म्हणाले. "माजघर मोकळं हाय. गाडीत... गाडीत नगं."

"न्हाय न्हाय, गाडीतच बरं," आत्या म्हणाली. "हितं भिंतींला कान हायत!"

ते तिघं गेले. मागचं दार धाडकन लागलं. बैठकीत आबा, सुनंदा, तिचा थोरला भाऊ आणि मी. आबा छताकडं बघू लागले. आणि मग, बाहेरून, आभाळातून, सगळ्या पळसदेवला पुरून वर उजनीच्या पाण्यावर पसरेल असा आत्याचा आवाज आला.

"दादा, ह्यांना कुणीतरी समदं सांगितलंया!"

मी दारापुढची गाडी बघितली. गाडीवरचा कर्णा बघितला. आणि निम्म्या कोर्सच्या शेवटच्या धड्यातलं एक वाक्य मला फार उशिरा आठवलं: स्पीकर आणि माइक यांचं पोट सारखंच असतं, माइकच्या भोकात स्पीकर घातला की स्पीकर ऐकू लागतो. कंपनीचा स्पीकर मेला नव्हता. तो सगळ्यांच्या डोक्यावर टांगून घेऊन सकाळपासून ऐकत होता! टेप मी बंद केला, पण सीटखालचा अॅम्प्लिफायर चालूच राहिला होता. आणि मी कापली होती ती वायर कर्ण्याची नव्हतीच, वायपरची होती.

"पोरगी बरी हाय, वन्सं," कर्ण्यातून आई म्हणाली. "हासरी हाय."

"हाय खरी. पर आपला दत्ता? त्यो तितं शेळीवानी बसलाय. ह्यो नकार आला म्हणून समज!"

"नकार आला तर येऊ दे," तात्या गरजले, "आदी मासळी येऊ दे!"

बाहेर हशा उसळला. धरणाच्या पाण्याकडून कुणीतरी नावेतून ओरडलं, "तात्या, मरळ हाय, मरळ!" मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी उठलो, बशी लवंडली, धावत गाडीशी गेलो आणि काच बडवली. इंजिनाच्या धडधडीत त्यांना काय ऐकू येणार! मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उपसून उघडलं, आत डोकं घातलं, नेमकं त्या टांगलेल्या स्पीकरच्या तोंडाशी, आणि जन्मात पहिल्यांदा गळा फाडून ओरडलो.

"गप बसा! समद्या गावाला ऐकू जातंय! मला पोरगी पसंत हाय! ती न्हाय म्हणाली तर मी लगीनच करणार न्हाय!"

माझा आवाज मला दोनदा ऐकू आला. एकदा तोंडातून, एकदा उजनीवरून परत.

आपल्याकडं मुलीच्या दारात कुणी पसंती सांगत नाही. घरी जायचं, आठ दिवस ताणायचं, मग 'कळवतो' म्हणून कळवायचं, ही रीत. ती रीत मी टपावरच्या कर्ण्यातून मोडली होती. आत्यानं कपाळावर हात मारला आणि त्याचाही आवाज गावभर घुमला. तात्या बाहेर येऊन मान खाली घालून म्हणाले, "पाव्हणं, चुकलं आमचं. आमी निगतो."

"कुटं निगता?" आबा म्हणाले. "कालवण चुलीवर हाय. लोक लग्न झाल्यावर एकेक उकरून काडत्यात, तुमी समदं आदीच सांगितलं. असलं उगडं घर आमाला दिवा लावून सापडलं नसतं. काय गं सुनंदा?"

सुनंदा दारात उभी होती. ती रडत नव्हतीच. हसून हसून तिचे डोळे वाहत होते.

"मला चालंल," ती म्हणाली. "पर एक इचारायचं हाय." मग माझ्याकडं बघून, "मगाशी तुमी काय म्हणाला, ते परत एकदा म्हणा की."

मी म्हणालो.

"आं?" ती म्हणाली.

लग्न झालं. वायपर दुरुस्त झाला, ताटाएवढे स्पीकर निघाले आणि कंपनीचा स्पीकर आईनं देवघराशेजारी खिळ्याला लावला, पोराचं लग्न त्यानं जमवलं म्हणून. सुनंदाचा आवाज नरसिंहपूरपर्यंत जातो; आत्या तिच्यावर खूश आहे. त्या एका रविवारी अख्ख्या पळसदेवनं माझं म्हणणं ऐकून घेतलं. तेव्हापासून घरात माझं ऐकतो तो फक्त तो स्पीकर, आणि त्याचीही वायर मीच काढून ठेवलेली आहे.