विहिरीत राहिलेलं ‘नको’
काल वायरमनने घरातले जुने चिनी मातीचे फ्यूज काढून माझ्या हातात ठेवले आणि तळव्याला घाम फुटला, लग्नाच्या पहिल्या वर्षी ओतूरच्या मळ्यात फुटला होता तसाच. तेव्हा भरदुपारी लाईट गेली होती. सासरे मोटारीची तुटलेली वायर जोडायला विहिरीत उतरले, आणि उतरताना मेनचे तिन्ही फ्यूज माझ्याकडे देऊन म्हणाले, “सूनबाई, मी आवाज देईस्तोवर हितून हलायचं नाय.” मी मेनबोर्डाच्या तापलेल्या पत्र्याच्या खोलीत उभी, बाहेर काढून ठेवलेल्या कांद्याचा उग्र वास येत होता. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली मोटार सुरू झाली, म्हणजे लाईट आली. विहिरीतून सासरे ओरडले. घुमत वर आलं ते एवढंच, “घालू...” मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे अंगात भिनलेलं. मी पहिला फ्यूज खाचेला टेकवलासुद्धा. मग वाटलं, पुढचा शब्द वर आलाच नाही, आणि हा माणूस ‘घालू का’ असं कधी कुणाला विचारत नाही. फ्यूज मुठीत धरून काठाशी धावले. खाली कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते वायरीची उघडी टोकं पिळत होते. “घालू नको म्हणलं ना! ऐकू येत नाय व्हय?” “आलं ना,” मी म्हटलं, “चहा आणू का विचारायला आले.” त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवशी ते नेहमीसारखं ‘घालायचं नाय’ म्हणाले असते, तर वर फक्त ‘घालायचं’ पोहोचलं असतं, आणि मी फार आज्ञाधारक सून होते.