स्लांक म्हणे, स्लांक!

दुपारी चूल न पेटवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि हॉलंड हा अख्खा देशच तसला आहे. माझा मुलगा नोकरीसाठी तिकडं गेला तेव्हा सोलापूरच्या घरात मी एकटी उरले. त्याचे वडील त्याआधीच वारलेले. फोनवर त्याचं तोंड बघायचं आणि जेवलास का म्हणून विचारायचं, एवढंच काम मला राहिलं होतं. आणि ते तोंड दर वेळी जरा लहानच दिसायचं. गालाची हाडं वर यायला लागली होती. पोरगं तिकडं उपाशी राहतंय, या एकाच धास्तीनं मी हैराण झाले होते.

"दुपारी काय खाल्लंस?"

"पाव आणि चीज."

"गरम?"

"नाही गं आई, थंडच. सगळे तेच खातात. कॉम्प्युटरपुढं बसून, नाहीतर उभ्या उभ्या."

उभ्या उभ्या! अरे, गुरंढोरंसुद्धा रवंथ करायला खाली बसतात की. आणि सकाळी काय, तर पावाला लोणी फासून त्यावर चॉकलेटचा चुरा. पिकल्या केसांची माणसंही मिटक्या मारत खातात म्हणे. एवढा श्रीमंत देश, आणि खायची अक्कल डोंबलाची!

एकदा मी म्हटलं, "पार हडकलास रे." तर हा हसला. "आई, इकडं मला स्लांक म्हणतात. चांगला शब्द आहे. इंग्रजीत स्लिम म्हणतात ना, तसा." तेवढ्यात मागून त्याची घरमालकीण आली, फोनमध्ये वाकून बघितलं, अंगठा वर केला आणि म्हणाली, "स्लांक!" ती स्वतः पतंगाच्या कामटीसारखी. तिचं सर्टिफिकेट घेऊन मी काय करू?

पण याच्या डोक्यात मला शिकवायचं खूळ शिरलं ते शिरलंच. नुसतं बारीक म्हणजे डुन, इंग्रजीतलं थिन. कागदालाही चालतं आणि माणसालाही. तेंगर म्हणजे नाजूक बांध्याचं, इंग्रजीत स्लेंडर. माखर म्हणजे स्किनी. हा शब्द कौतुकाचा नाही, अंगावर मांस नसलेल्याला लावायचा. साय काढलेल्या दुधालासुद्धा तोच. आणि अगदीच हाडांचा सापळा झाला तर ब्रोटमाखर. इंग्रजीत स्किन अँड बोन.

"ब्रोट म्हणजे काय?" मी विचारलं.

"पाव."

"बघ! सापळ्याच्या नावातच पाव घातलाय, आणि तरी तोच खातात. धन्य आहे बाबा."

आमच्याकडं काय शब्दांचा दुष्काळ पडलाय? सडपातळ आहे, शिडशिडीत आहे, किडकिडीत आहे, हडकुळा आहे, काडीपैलवान आहे. पण आमच्यात काडीपैलवान म्हणणारा माणूस पुढं "बस, दोन घास खा" असंही म्हणतो. यांचे शब्द नुसते कोरडे, यांच्या पावासारखे. हे मी त्याला सुनावलंसुद्धा. तो फोनमधून मलाच निरखून बघायला लागला.

यंदा उन्हाळ्यात तो न कळवता आला. मला चकित करायचं होतं म्हणे. कसला हा आगाऊपणा! भर दुपारी दारात रिक्षा थांबली आणि हा उतरला. मी आधी त्याचे दंड चाचपले. चांगले भरलेले होते. सायकल मारून मारून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. इतके दिवस मी ज्याच्या नावानं जीव टांगून बसले होते, तो गडी ठणठणीत होता. मला बरं वाटलं आणि रागही आला.

"आई, भूक लागलीय. वाढ काहीतरी," म्हणत तो थेट स्वयंपाकघरात गेला.

ओट्यावर माझी ताटली तशीच होती. दुकानातून आणलेली, महिनाभर टिकणारी कडक भाकरी. तिचा दह्यात केलेला चुरा, वर शेंगाची चटणी. अर्धं खाऊन झालेलं. बाजूला खुर्ची नाही, पाट नाही. त्यानं शेगडीला हात लावला. ती गार होती. कुकर उघडून बघितला, आत कोरडा ठाक. भाजीच्या टोपलीत एक वाळलेलं लिंबू होतं.

"दुपारी हेच खातेस?"

"एकटीसाठी कोण कुकर लावतंय?"

"आणि रात्री?"

निदान चांगली चटणी तरी वाढावी म्हणून मी वरच्या फळीवरची बरणी काढायला हात उंच केला, तर मेल्या बांगड्या खळाखळा कोपरापर्यंत घसरल्या. त्यानं माझं मनगट धरलं. त्याच्या बोटांचा वेढा पुरा होऊनही जागा उरली.

"स्लांक," मी म्हटलं. "चांगला शब्द आहे."

तो हसला नाही. "नाही आई. माखर."

मग त्यानं कुकर लावला. वरणाला फोडणी दिली, ती जाळली. पाट मांडला, माझ्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाला, "बस. दोन घास खा."

वरण अगदीच पाणचट झालं होतं. मी त्याला तसं सांगितलं आणि ताट पुसून खाल्लं.