माघारी यायला जागा

उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो. आमचे रिव्हर्सअप्पा मात्र कारखान्याच्या आवारात एका हाताने स्टिअरिंग फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने पानाला चुना लावायचे. कोहिनूर गावचे हे अप्पा. त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे.

मी जवळच्याच मुडबी गावची. पुण्यात गणितात पीएच.डी. करत होते. न घसरता फक्त गडगडणारी चाकं कुठून कुठे पोचू शकतात, हा विषय. दोन वर्षं वहीतली गाडी जागची हलेना, म्हणून सुट्टीत आठ दिवस अप्पांच्या मडगार्डवर बसले.

"तोंड पाडून कामून बसलाव, अक्का?"

"चाक आडवं जात नाही, अप्पा."

"न्हाईच जात. जरा वळवून फुडं, जरा उलटं वळवून माघारी. असं चार डाव केलं की आडवं गेल्यालं असतंय."

बाकीचे ड्रायव्हर मागची ट्रॉली बघत. अप्पांनी पहिल्या जोडावर लाल चिंधी बांधली होती. "शेपूट बगू नका, कंबर बगा." मी समीकरणात त्या जोडाचा कोन धरला आणि दोन वर्षांचं कोडं चार दिवसांत सुटलं.

रांगेतही अप्पा पुढच्या गाडीपासून लांब थांबायचे. मागचे ओरडायचे. "फुडच्याला माघारी यायला जागा ठिवावी. मानूस चुकतंय."

शोधनिबंध छापून आला. आभारात मार्गदर्शक होते, शिष्यवृत्ती होती, संगणक कक्षसुद्धा होता. अप्पा नव्हते. ट्रॅक्टरवाल्याचं नाव बघून लोक हसतील असं वाटलं. लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

प्रत द्यायला गेले, तर म्हणाले, "माजं नाव कुटं हाय?" त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी मार्गदर्शकांच्या नावावर बोट ठेवलं. अप्पांनी पेनाने त्याला गोल केला आणि पुढे तो कागद कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना दाखवला.

गेल्या महिन्यात अप्पा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या नातीने, रेणुकाने, तो कागद आणून दिला. ती आता कलबुर्गीत बी.एस्सी.ला आहे. गोल तसाच होता.

"तुला कळलं असेलच," मी म्हटलं.

"चार वर्साखालीच. आज्ज्यालाबी वाचून दावलं होतं."

"मग?"

"मग म्हनला, अक्काला काई इचारू नको. माघारी यायला जागा ठिव."

चार वर्षं ती जागा मोकळी होती. दर दिवाळीला मी फोन करायचे, तब्येत विचारायचे आणि ठेवून द्यायचे.