भिंतीवरचा जोडीदार

आमच्या शुक्रवारच्या क्रिकेट टीमची एक भिंत आहे. इथं आखातात, अल अमेरातच्या मैदानाजवळ मॅचनंतर आम्ही जिथं बिर्याणी खातो, त्या हॉटेलच्या मालकाने ती आम्हाला देऊन टाकलीय. खेळणं सोडलेल्यांपैकी दरवर्षी एकाचा फोटो तिथं लागतो, आणि कोणाचा लावायचा यावरून आम्ही भाऊबंदांसारखे भांडतो.

यंदा मी माझ्या जोडीदारासाठी भांडलो. तो मूळचा रत्नागिरीचा, इथं खाबुऱ्यात त्याचं कापडाचं दुकान. वर्षानुवर्षं आम्ही दोघं ओपनिंगला जायचो. चेंडू कुठं गेला ते मला चष्म्यातून दिसेपर्यंत तो समोरून ओरडायचा, "यल्ला भाई, ये!" यल्ला म्हणजे अरबीत 'चल'. आणि मी डोळे झाकून धावायचो. गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. ती हाक मात्र मला अजून ऐकू येते. ऐकली की मी धावायचो आणि रनआउट व्हायचो. पोरं हसायची. मला भीती वाटायची.

"त्याची एक फिफ्टी तरी आहे का?" कॅप्टन म्हणाला. तो पुण्याचा, इथं अझैबात राहतो, नियमांचा पक्का. "आणि तो रिटायर कुठे झाला? भिंत रिटायर झालेल्यांची आहे."

"म्हणजे मेला, ही त्याची चूक?" मी ताटावरून उठलोच. बाकीच्यांनी बिर्याणी पुढे ओढली, माझ्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही.

माझ्याकडे एक जुना कागदी फोटो होता. आम्हा दोघांचा, धाव घेतानाचा, एकुलता एक.

"मग मी रिटायर होतो," मी म्हणालो. "माझा लावा. पण मी देईन तोच फोटो."

टाळ्या वाजल्या. खेळ सुटला, तरी म्हटलं, तो भिंतीवर तर जाईल.

पुढच्या शुक्रवारी कॅप्टनने मोठ्या कौतुकाने फ्रेम दाखवली. "फोटो आडवा होता रे, बसेना. मग बाजूचं कापून टाकलं. आता बघ, नुसता तूच!"

कापलेला तुकडा केव्हाच कचऱ्यात गेला होता.

आता मी फक्त बिर्याणी खायला जातो. भिंतीवर मी धावतोय, जिथं फ्रेम संपते तिकडे बघत. ताटावर बसल्या बसल्या ऐकू येतं, "यल्ला भाई, ये!" आणि टेबलाखाली माझे पाय उचलले जातात.