मादामच्या हातचं मीठ

फ्रेंच टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईंकडे नागपूरची बाई काय काम करते, असं मॉन्ट्रियलमधली मराठी मंडळी मला अजून विचारतात. कांदे चिरते, दुसरं काय! मादाम कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायच्या आणि मागच्या छोट्या किचनमध्ये मी त्यांची तयारी करून द्यायची. घरी बसून खिडकीतून बर्फ बघण्यापेक्षा ते कधीही बरं.

मादाम मूळच्या फ्रान्सच्या. तरुणपणी इथे येऊन एका हॉटेलात भांडी घासली, मग तिथेच शेगडीपाशी उभ्या राहिल्या, आणि एकदा कुणाच्या तरी बदली टीव्हीवर गेल्या त्या तिथल्याच झाल्या. केस पांढरे झाले तरी कार्यक्रम चालूच. "चाखा!" हे त्यांचं पेटंट वाक्य. ते म्हणून चमचा तोंडात घालायच्या आणि डोळे मिटायच्या. बाजारात पोरंसोरं त्यांना बघून "चाखा!" ओरडायची.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांची बोलणी खाल्ली. सॉस करून पुढे सरकवला, तर म्हणाल्या, "चाखलास?" मी म्हटलं, नाही. "न चाखता दुसऱ्याला देतेस?" आता काय सांगू बाप्पा! आमच्याकडे महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक न चाखता होतो. नैवेद्याआधी पुरणाला बोट लावलं असतं तर सासूबाईंनी मला घराबाहेरच काढलं असतं. मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं, "आधी देवाला, मग माणसाला." मादाम म्हणाल्या, "इथे देव नाही, प्रेक्षक आहेत." घ्या! मी मुकाट्याने चमचा उचलला.

मागच्या फॉलमध्ये, पानं गळायच्या दिवसांत, मादाम तापाने आजारी पडल्या. परत आल्या त्या जरा वाळलेल्या दिसल्या, बाकी ठीक वाटल्या. मग एक दिवस त्यांनी माझ्या पातेल्यातला रस्सा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मस्त!" त्यात मी अजून मीठ घातलंच नव्हतं.

आडून विचारणं मला जमत नाही. दार लोटलं आणि सरळ म्हटलं, "मादाम, तुम्हाला चव लागत नाही." त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. तापात वास गेला, चव गेली. डॉक्टर म्हणे येईलही, नाहीही. आणि ख्रिसमसच्या आधी थेट कार्यक्रम होता, समोर बसलेल्या लोकांना कांद्याचं सूप करून वाढायचं होतं. "ते बिघडलं तर मी त्याच दिवशी कार्यक्रमाचा निरोप घेणार," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला मात्र भलत्या वेळी हसू आलं. "अहो मादाम, आमच्याकडे पंगतीच्या पंगती उठतात न चाखलेल्या स्वयंपाकावर!"

तेव्हापासून दर रविवारी त्या माझ्या घरी यायच्या. आमचे हे बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचे आणि आत आम्ही दोघी कांदा परतायचो. कांद्याची चुरचुर मंदावली की पाणी गेलं, हे कानाने ओळखायचं. रंग डोळ्याने. मिठाचं मात्र अवघड होतं. त्यांची चिमूट अगदी बरोबर पडायची, पण पडली की मन खायचं आणि हात पुन्हा मिठाकडे जायचा. मी मनगट धरायची. "बास! हात एकदाच जातो." हे माझ्या सासूबाईंचं वाक्य. फ्रेंचमध्ये बरं वाटलं ऐकायला.

कार्यक्रमाच्या दिवशी मी कॅमेऱ्यामागे उभी होते. सूप उकळलं, मादामनी मीठ घातलं आणि हात पुन्हा मिठाच्या वाडग्याकडे निघाला. मेलं, गेलं सगळं! पण हात मध्येच थांबला. त्यांनी तो एप्रनला पुसला, पहिला वाडगा भरला आणि बाजूला झाकून ठेवला. दिग्दर्शक खुणा करतोय, चाखा, चाखा. मादाम कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "माझी चव गेली आहे. आज मी नाही चाखणार. तुम्ही चाखा आणि मला सांगा."

वाडगे लोकांच्या हातात गेले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चमचा तोंडात घातला. मग दुसरा. मग वाडगा पावाने पुसून घेतला आणि विचारलं, "आणखी मिळेल का?" लोक हसले, टाळ्या पडल्या, मी तिथेच खाली फतकल मारली. हुश्श! सुटलो बाप्पा! इतकं हलकं तर मला माझ्या पोरीच्या जन्मानंतरही वाटलं नव्हतं.

सगळे गेल्यावर मादाम तो झाकलेला वाडगा घेऊन मागच्या किचनमध्ये आल्या.

"आधी देवाला, मग माणसाला. असंच ना? देवाचं झालं असेल आता," म्हणाल्या आणि चमचा माझ्या हातात दिला. "चाख. आणि मला सांग, कसं झालंय."

सूप गार झालं होतं. मीठ अगदी बेताचं होतं. कांदा आधी गोड लागत होता, मग किंचित करपट, आणि शेवटी पुन्हा गोड. मी एकेक घोट घेत सगळं सांगत गेले, फ्रेंच संपलं तिथे मराठीत. मादाम डोळे मिटून ऐकत होत्या.