माळावरचा खांब

आज आमच्या कॉलनीत पहिली बस आली. डिझेलचा वास घरात शिरला आणि बायको आठवली, त्या खांबापुढं वाकलेली.

तेव्हा हैदराबादबाहेर शेतं मोडून प्लॉट पाडत होते. मलकपेठच्या भाड्याच्या खोलीतून आम्हीही बघायला आलो. उघड्या माळावर बस स्टॉपचा नवाकोरा खांब. बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. म्हणाली, "अहो, हीच आपल्या घराची मुहूर्तमेढ."

प्लॉटवाला खोबरं चावत हसला. "फिकर नक्को करो अम्मा, अगले महिने बस आती."

खांब त्यानंच रोवला होता, हे प्लॉट घेतल्यावर कळलं.

पुढं तिच्या छातीत कळ आली, तेव्हा तिला मेन रोडपर्यंत चालवत न्यावं लागलं. वाटेतच गेली.

तो प्लॉटवाला अजून जिता आहे. त्याची तिरडी बघितल्याशिवाय मी काही मरत नाही.